ताल धरणाऱ्याचे नाव

रॉक आणि मेटल ऐकणाऱ्यांत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. सर्वांत थोर ऱ्हिदम गिटारवादक कोण? एसी/डीसीचा माल्कम यंग, मेटालिकाचा जेम्स हेटफिल्ड, रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स, रमोन्सचा जॉनी रमोन अशी नावे पुढे येतात आणि प्रत्येक नावाचा कैवार घेणारे भेटतात. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा मामला आहे. पण तो पुराव्यावर तोलायचा म्हटले तर आधी तीन प्रश्न सोडवावे लागतात. अमुक ध्वनिमुद्रणात ऱ्हिदम कोणी वाजवला? नेमके काय वाजवले? आणि तो वादक नसता तर काय बिघडले असते? परदेशी वादकांच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे कागदांवर आणि फितींवर सापडतात. मुंबईच्या स्टुडिओंत निदान १९५०पासून गिटार वाजत होती, पण तिथली उत्तरे फार विरळ आहेत. ती विरळ का राहिली, आणि उरल्यासुरल्या साधनांतून काय सिद्ध करता येते, याचा हा धांडोळा.

आधी वादाचा विषय नीट समजून घेऊ. दोन गिटारींच्या बँडमध्ये एक गिटार मधल्या जागी सुरावटी आणि ताना घेते, तिला लीड म्हणतात. दुसरी गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत कॉर्ड आणि लय धरून असते, ती ऱ्हिदम. परभणीकडच्या वाचकाला हे गोंधळावरून चटकन उमगेल. मुख्य गोंधळी आख्यान लावतो, संबळ कडाडतो, आणि बाजूला तुणतुणे एका तारेवर सूर आणि लय दोन्ही सांभाळत असते. परभणीच्या राजारामबापू कदमांचे नाव गोंधळाच्या क्षेत्रात राज्यभर माहीत आहे. तुणतुणे कोणाच्या हातात होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ऱ्हिदम गिटारवाल्याची गत जगभर साधारण अशीच आहे. फरक पडला तो काही ठिकाणी त्याचे नाव छापले गेले म्हणून.

असे छापील साधन म्हणजे मेटालिकाचा १९८३ सालचा पहिला अल्बम ‘किल ’एम ऑल’. त्याच्या श्रेयनामावलीत हेटफिल्डच्या नावापुढे ऱ्हिदम गिटार आणि गायन, तर कर्क हॅमेटच्या नावापुढे लीड गिटार अशी स्पष्ट वाटणी आहे. पुढच्या अल्बमांतही ऱ्हिदमचे बहुतेक थर हेटफिल्डने स्टुडिओत स्वतःच वाजवले. १९८५च्या उत्तरार्धात कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत मुद्रित झालेले आणि मार्च १९८६मध्ये आलेले ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकले की काय वाजले हेही कळते. गती मिनिटाला सुमारे २१२ ठोके, ठोक्याला दोन फटके, आणि फटके वरून खालीच. हाताच्या पंजाची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि मनगट न थकवता मिनिटाला चारशेहून अधिक वेळा तार खाली मारायची, असे ते काम आहे. वर-खाली अशा दोन्ही दिशांनी मारले तर कष्ट निम्मे होतात, पण प्रत्येक फटक्याचे वजन सारखे राहत नाही. कानाला जो टणकपणा जाणवतो तो या एकाच दिशेमुळे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अपघातांनी दिले. १९८६मध्ये स्केटबोर्डवरून पडून हेटफिल्डचा हात मोडला. दौरा चालू होता. हॅमेट होताच, तरी एकट्या लीड गिटारवर कार्यक्रम ओढून नेला गेला नाही. गिटारींची देखभाल करणारा जॉन मार्शल ऱ्हिदम वाजवायला उभा राहिला आणि हेटफिल्ड नुसता गायला. ऑगस्ट १९९२मध्ये माँट्रियालच्या मंचावर आतषबाजीने हेटफिल्ड भाजला, तेव्हाही मार्शललाच पाचारण झाले. एसी/डीसीत असेच घडले. १९८८च्या अमेरिका दौऱ्यात दारूच्या व्यसनामुळे माल्कम यंग बाजूला झाला आणि पुतण्या स्टीव्ही यंग आला. २०१४ साली स्मृतिभ्रंशामुळे माल्कम कायमचा निवृत्त झाला, तेव्हाही त्या जागी स्टीव्हीच आला.

या पुराव्याचा अर्थ लावताना जपून बोलले पाहिजे. बदली वादक आणावा लागला यावरून ऱ्हिदमची जागा रिकामी ठेवता येत नाही एवढे सिद्ध होते, मूळ वादक थोर होता हे नाही. उलट कोणी म्हणेल, बदली मिळाला म्हणजे काम शिकून घेण्याजोगे होते. थोरवी ठरवायला वेगळे साधन लागते आणि ते आहे गीतकर्तृत्वाची नोंद. जुलै १९८०मध्ये आलेल्या ‘बॅक इन ब्लॅक’मधल्या सगळ्या गाण्यांवर माल्कम आणि अँगस या दोघा यंग बंधूंची नावे आहेत, सोबत गायक ब्रायन जॉन्सनचे. हेटफिल्डचे नाव मेटालिकाच्या जवळजवळ प्रत्येक स्वरचित गाण्यावर आहे. म्हणजे बदली माणूस जे शिकून वाजवत होता, ते या दोघांनी घडवलेले होते. वादाला इथे पाया मिळतो.

आता मुंबईकडे वळू, आणि तिथे परभणीच्या श्रोत्याच्या कानाने जाऊ, कारण आपल्याकडचे कागद कसे घडले हे त्यातून कळते. १९५२ साली परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि आजचा हिंगोली जिल्हाही त्यातच होता, तो १९९९मध्ये वेगळा झाला. त्याच १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली आणि डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली. पुढे परभणीलाही आकाशवाणी केंद्र मिळाले. केंद्रे बदलली, पण सांगण्याची रीत एकच राहिली. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. तबकडीच्या लेबलावर आणि कव्हरवर हीच नावे छापलेली असत, निवेदक तीच वाचून दाखवी. गिटारवर कोण होते, हे निवेदकाने लपवले नाही. त्याच्या हातातल्या कागदावर ते नव्हतेच. मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांनी ऱ्हिदम गिटार भरभरून ऐकली आणि वाजवणाऱ्याचे नाव एकदाही ऐकले नाही, ते यामुळे.

सी. रामचंद्रांचे उदाहरण घ्या. पुणतांब्याचा हा माणूस. १९५७च्या ‘आशा’तले ‘ईना मीना डीका’ हे हिंदी चित्रपटसंगीतातले रॉक अँड रोलचे ठळक सुरुवातीचे पाऊल. या गाण्याबरोबर कागदावर किशोरकुमार, राजेंद्र कृष्ण आणि सी. रामचंद्र ही तीन नावे येतात. रामचंद्रांनी १९७७मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले, म्हणून निदान संगीतकाराची बाजू मराठीत नोंदली गेली. त्यांच्या संगीताला पाश्चात्त्य बाज देण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव चिक चॉकलेट, मूळचे हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवादक. १९५१च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. हे साधन दुर्मीळ आहे, कारण इथे वादक स्वतः वादक म्हणूनच चित्रित झाला आहे.

एरवी पडदा हा पुरावा म्हणून धोक्याचा. १९७३च्या ‘यादों की बारात’मध्ये ‘चुरा लिया है तुमने’ गाताना झीनत अमानच्या हातात गिटार आहे. ऐकू येणारी गिटार भूपिंदर सिंग यांची आहे. पुढे गझलगायक म्हणून नावारूपाला आलेल्या भूपिंदर यांनी ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’लाही गिटार वाजवली. हे कळते ते वादकांच्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणींतून. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वा तबकडीच्या कव्हरवर ते शोधून उपयोग नाही.

या आठवणी गोळा करण्याचे मोठे काम झाले ते चालू शतकात. ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओ-वादकांच्या दीर्घ मुलाखती घेऊन लिहिलेला ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ २००८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रह्मानंद सिंग यांचा संगीतकार राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचमदा यांच्यावरचा ‘पंचम अनमिक्स्ड’ हा माहितीपट आला. २०११मध्ये अनिरुद्ध भट्टाचार्य आणि बालाजी विट्टल यांचे बर्मन यांच्यावरचे पुस्तक निघाले. पुण्यात ‘पंचममॅजिक’च्या मंडळींनी त्यांच्या वादकांना मंचावर बोलावून बोलते केले. या साधनांतून पंचमदांच्या वाद्यवृंदातली गिटारची फळी पुन्हा उभी करता येते. ऱ्हिदम गिटारवर भानू गुप्ता, त्यांच्याबरोबर रमेश अय्यर, आणि निरनिराळ्या काळांत भूपिंदर सिंग, दिलीप नाईक, सुनील कौशिक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे प्यारेलाल यांचे बंधू गोरख शर्मा होते. १९८०च्या ‘कर्ज’मधल्या ‘एक हसीना थी’ची गिटार त्यांची.

भानू गुप्ता हे मुळात हार्मोनिकावादक. त्यांच्या नावावर सर्वाधिक सांगितली जाणारी हकीकत आहे ‘अमर प्रेम’मधल्या ‘चिंगारी कोई भडके’च्या सुरुवातीच्या कॉर्डची. गिटार छेडत असताना बोट भलत्या जागी पडले, वेगळाच कॉर्ड वाजला, आणि पंचमदांनी तोच राखायला सांगितला, असे ते सांगत. ही साक्ष किती मानावी? साक्षीदार एकच, तोही स्वतः वादक, आणि सांगतोय कितीतरी वर्षांनी. कोर्टात असली साक्ष एकटी टिकली नसती. पण दोन गोष्टी तिच्या बाजूने उभ्या राहतात. एक, तो कॉर्ड मुद्रणात आजही ऐकू येतो आणि नेहमीच्या धाटणीपेक्षा वेगळा आहे. दोन, हकीकतीत साक्षीदार स्वतःची हुशारी मिरवत नाही, चूक कबूल करून निवडीचे श्रेय दुसऱ्याला देतो. स्वतःला लहान करणाऱ्या साक्षीला इतिहासकार थोडे अधिक वजन देतो. म्हणून घटना मान्य करावी, तपशिलावर भर देऊ नये.

काय वाजवले हा दुसरा प्रश्न इथे अधिक बिकट होतो, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच टेकमध्ये मुद्रित होत असे. ध्वनिमुद्रक माइकच्या पातळ्या जागीच जुळवी आणि निघे ती एकजीव फीत. वेगवेगळ्या ट्रॅकवर वेगवेगळी वाद्ये साठवण्याची सोय इथे उशिरा आली. परदेशात बहुट्रॅक फितींवरून एकटी गिटार बाजूला काढून अभ्यासता येते. इथे ती ढोलक, तबला, कोंगो आणि मराकसमध्ये मिसळून गेलेली. त्यात एकाच गाण्याला दोन-तीन गिटारी असत. वादकाचा हिशेब आधी स्टुडिओच्या पगारावर, नंतर दर रेकॉर्डिंगमागे मानधनावर चाले. म्हणजे तो त्या दिवसाचा कारागीर होता, मुद्रणाचा भागीदार नव्हे.

या सगळ्याचे सार एका फितीत सापडते. १९७२ साली लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. ‘फोर स्टिक्स’ची लय सरळ चार मात्रांची नाही, पाच आणि सहाच्या हिशेबात ती फिरत राहते. म्हणजे रॉकमधला तालाचा एक अवघड नमुना मुंबईच्या वादकांसमोर आला होता. या फिती अनेक वर्षे चोरट्या प्रतींतून फिरत होत्या. ३१ जुलै २०१५ला ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत त्या अधिकृतपणे निघाल्या. पेजचे नाव जगाला ठाऊक. मुंबईच्या वादकांना गाण्याच्या शीर्षकात मिळालेली ओळख एवढीच: ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. एकाच फितीवर, एकाच खोलीत वाजवणाऱ्यांपैकी काहींना नाव आहे आणि काहींना फक्त शहर.

नावे छापली जाऊ लागली ती मुंबईत स्वतंत्र रॉक बँड उभे राहिल्यावर. सत्तरच्या दशकाच्या आरंभी सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी होणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या दोन तबकड्या निघाल्या. त्यांवर निदान बँडची नावे आली. १९८४मध्ये मुंबईत रॉक मशीन स्थापन झाला आणि १९८८मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्याचा पहिला अल्बम आला. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, गायक उदय बेनेगल. १९९३मध्ये याच बँडचे नाव इंडस क्रीड झाले. १९८६पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या मेळ्याने आणि मुंबईच्या रंगभवनाच्या खुल्या मंचाने दोन गिटारींचे बँड तरुणांना प्रत्यक्ष दाखवले. कोण काय वाजवतो, हे पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

मेटलमध्ये ही स्पष्टता आणखी वाढली. २००० साली मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड सुरू करणारे साहिल माखिजा यांची भूमिका गायन आणि ऱ्हिदम गिटार अशी नोंदलेली आहे, अगदी हेटफिल्डसारखी. त्यांचा २०१७चा ‘दशावतार’ हा अल्बम विष्णूच्या अवतारांवर रचलेला आहे. ऱ्हिदम गिटार धरणारा माणूसच बँडचा कर्ता असू शकतो, याचे महाराष्ट्रातले लेखी उदाहरण म्हणून ते नोंदवले पाहिजे. मुंबईत सापडलेल्या सर्व साधनांत वादक, वाद्य आणि कर्तृत्व हे तिन्ही एका कागदावर इतके नीट क्वचितच जुळतात.

कायद्यानेही यात हातभार लावला, पण उलट दिशेने. प्रताधिकार कायदा, १९५७ यात १९८४च्या दुरुस्तीने कलम ५२अ आले. ध्वनिमुद्रणावर काय छापावे हे त्यात सांगितले आहे: मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष. वादकाचे नाव सक्तीचे नाही. वादकांसह सर्व कलावंतांचे प्रयोगाधिकार १९९४च्या दुरुस्तीने आले. २०१२च्या दुरुस्तीने कलावंताला आपली ओळख सांगितली जाण्याचा नैतिक हक्क मिळाला, पण त्याच वेळी व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिले जात नाही, तो एका मर्यादित हेतूखेरीज कलावंत मानला जाणार नाही. नाव न देण्याच्या रीतीलाच इथे कायद्याने कसोटी बनवले. नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव द्यायची निकड नाही, असे हे चक्र आहे.

आता मूळ वादावर निकाल द्यायचा तर तो पुराव्यापुरताच द्यावा. मेटलमध्ये हेटफिल्डचा दावा सर्वांत भक्कम आहे, कारण भूमिका छापील आहे, वादन फितीवर स्वच्छ ऐकू येते आणि रचनेत नाव आहे. रॉकमध्ये माल्कम यंगच्या बाजूने हेच तीन पुरावे उभे राहतात. त्यातही सुरुवातीची काही गाणी सोडली तर त्याने लीड वाजवण्याचा मोह टाळला, म्हणून शुद्ध ऱ्हिदमवादक या अर्थाने माझे मत त्याला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात भानू गुप्तांचे नाव पुढे ठेवता येते, पण ते साक्षीवर उभे आहे, कागदावर नाही. ‘ईना मीना डीका’सारख्या कितीतरी मुद्रणांतल्या गिटारवाल्यांना या यादीत घेता येत नाही. ते कमी होते असे नाही. कागदाने त्यांना स्पर्धेत उतरूच दिले नाही.

म्हणून शेवटी वाचकांना एक विनंती. परभणी, सेलू, गंगाखेड, मानवत, जिंतूर, पूर्णा इथे गणेशोत्सवाच्या मंडपांत ऑर्केस्ट्रे गाजवणारे गिटारवाले आज साठी-सत्तरीत असतील. त्यांच्याकडची हस्तपत्रके, कार्यक्रमपत्रिका, कॉर्डच्या वह्या, फोटो आणि कॅसेटी रद्दीत घालू नका. प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, गाव आणि प्रत्येकाच्या नावापुढे वाद्य लिहून ठेवा. ज्या मंडळांकडे जुन्या हिशेबाच्या वह्या आहेत, त्यांनी मानधनाची पाने जपावीत. पुढच्या वेळी कोणी थोर वादकांची यादी करायला बसेल, तेव्हा मराठवाड्याच्या बाजूने मांडायला निदान कागद तरी हाताशी असेल.